चिंचेखालची चार चाकं

बोरजाई गावात एक भोळा पाळणेवाला होता. पिराजी त्याचं नाव. गाव त्याला भोळा म्हणायचं. त्याची बायको हौसाबाई दुसरं काहीतरी म्हणायची, पण ते पोरांसमोर सांगण्यासारखं नाही.

पिराजीकडे जत्रेतला पाळणा होता. उभा, लाकडी, आठ खुर्च्यांचा. हौसाबाईच्या वडिलांनी, सखाराम सुतारांनी, तो आपल्या हातानं करून दिलेला. पाळणा सुटा करायचा, ट्रॉलीत भरायचा, ट्रॉली ट्रॅक्टरला जोडायची आणि गावोगावच्या जत्रा करायच्या, हा त्यांचा धंदा.

सगळ्यात मोठी जत्रा जाखाईची. देवळासमोर चिंचेचं झाड आहे. चिंचेखाली ज्याचा पाळणा, त्याच्याकडे सगळी पोरं. आता ती जागा कुणाला? तर नियम असा, की पहिल्या दिवशी दुपारच्या आरतीआधी ज्याची चाकं चिंचेखाली आधी टेकतील त्याला. आणि एकदा टेकली की जत्रा उठेस्तोवर चाकं हलवायची नाहीत. हलली की जागा गेली. पूर्वी या जागेपायी दोन पाळणेवाल्यांची डोकी फुटली होती. तेव्हापासून जत्रेचे मानकरी दाजीबा हा नियम डोळ्यांत तेल घालून सांभाळायचे.

गेल्या वर्षी पिराजीच्या ट्रॉलीचा टायर घाटात फुटला. ते पोचेस्तोवर रंगराव पाळणेवाल्यानं जागा पटकावली. पिराजीला मिळाली कोंबड्या कापतात तिकडची जागा. पाच दिवसांत एक पोरगं आलं. तेही रडत परत गेलं.

यंदाही जागा गेली तर पाळणा विकायचा, असं हौसाबाईनं ठरवलं होतं. गिऱ्हाईक तयार होतं. रंगरावच. पण बापाच्या हातचा पाळणा विकायला तिचं मन धजेना. म्हणून तिनं वर्षभर अंडी विकून नव्या टायरांची सोय केली.

जत्रा चार दिवसांवर आली तशी ती पिराजीला म्हणाली, "अवो, टायरांना भेगा पडल्यात. आतले दोरे दिसायला लागलेत. फुटायच्या आधी बदला."

पिराजी म्हणाला, "बरं."

त्यानं ते डोक्यात ठेवलं. डोक्यात जागा भरपूर होती.

हौसाबाई रानात गेली. संध्याकाळी येऊन बघते तर पिराजी अंगणात ट्रॉलीखाली आडवा. कान टायरला लावलेला. हातात पाना.

"हे काय चाललंय?"

"शूऽऽ. फुटायची वाट बघतोय."

"फुटायची?"

"म्हणजे फुटायच्या जरा आधीची. तू म्हणालीस ना, फुटायच्या आधी बदला? कधी फुटणार ते कळल्याशिवाय आधी कसं कळणार? सकाळपासून चारी टायरांना विचारलं. एक पण बोलत नाही."

हौसाबाईनं कपाळावर हात मारला. "अवो, वाट बघत बसायचं नसतं! वर्षं मोजायची. पाच वर्षं झाली की बदलून टाकायचं. मग वरून कितीका चांगलं दिसेना!"

"वरून चांगलं दिसलं तरी?"

"दिसलं तरी! आतून कधी दगा देईल सांगता येत नाही."

पिराजी म्हणाला, "बरं." आणि त्यानं ते डोक्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो रिकामी ट्रॉली घेऊन तालुक्याला निघाला. वाटेत सासुरवाडी लागते. पिराजी वर्षं मोजत चालला होता. ट्रॅक्टरला तीन वर्षं. राहू दे. सदऱ्याला दोन वर्षं. राहू दे. लग्नाला सात वर्षं.

पिराजीनं करकचून ब्रेक मारला.

सखाराम सुतार ओसरीवर रंधा मारत बसले होते. जावई आला म्हणून उठले. सासूबाईंनी गूळपाणी आणलं. पिराजी पाणी प्यायला, त्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "मामा, हौसा बदलून पाहिजे."

"काय पाहिजे?"

"बायको. बदलून पाहिजे. सात वर्षं झाली."

सासूबाई घाबरल्या. "आजारी हाय का वं पोर? का भांडण झालं?"

"छे छे. एकदम चांगली आहे. स्वयंपाक चांगला करते. वरून काहीच दिसत नाही."

"मग?"

"तेच तर! आतून कधी दगा देईल सांगता येत नाही. हे मला हौसानंच सांगितलं. आता देताय, का परत येताना नेऊ?"

सखाराम सुतारांनी रंधा खाली ठेवला. बाजूची लाकडाची पट्टी उचलली. पुढचं बोलणं काही झालं नाही. पिराजी तालुक्याला न जाता घरी आला, तोही उभ्यानं ट्रॅक्टर चालवत. बसायची सोय राहिली नव्हती.

"आणले टायर?" हौसाबाईनं विचारलं.

"नाही. तुझ्या बापाकडे नवी बायको शिल्लक नाही. तेच आधी बघून आलो."

सगळी हकीकत ऐकल्यावर हौसाबाई रडू का हसू अशी उभी राहिली. मग तिनं दोन्ही करून घेतलं. मग म्हणाली, "नीट ऐका. माणसं बदलायची नसतात. टायर बदलायचे. फक्त टायर. चार. दुकानातच जायचं, कुठं थांबायचं नाही. आणि नवा माल घेताना डोळे झाकून घ्यायचा नाही. लाथ मारून बघायची. लाथ सोसली तर घ्यायचा."

"आणि नाही सोसली तर?"

"तर तो माल खोटा. आणि येताना बाजारातून एक माठ आणा. जत्रेत पाण्याचे हाल होतात."

पिराजी म्हणाला, "बरं."

तुमच्या लक्षात आलं असेल. पिराजीच्या नाही आलं.

तिसऱ्या दिवशी पिराजी सरळ टायरवाल्या वसंतशेठच्या दुकानात गेला. कुठं थांबला नाही. टायर मागितले. लाथ मारली. टायरनं सोसली. पिराजीच्या अंगठ्यानं नाही सोसली, पण अंगठा घ्यायचा नव्हता. शेठनी चारी टायर बसवून दिले, हवा भरली आणि तो निघाला तसे म्हणाले, "पिराजी, टायर मरतो तो दोन गोष्टींनी. एक वयानं, नाहीतर भारानं. वय काही आपल्या हातात नाही. भार आहे. जपा."

पिराजीनं हेही डोक्यात ठेवलं. काम फत्ते झालं होतं. राहिला होता माठ.

बाजारात सोनबा कुंभारानं माठ मांडले होते. लाल, गोल, चांगले भाजलेले. पिराजी म्हणाला, "एक माठ द्या." सोनबा म्हणाला, "कुठला बी घ्या, वाजवून घ्या."

पिराजीनं पहिल्या माठाला लाथ मारली. माठ गेला.

"हा खोटा निघाला," पिराजी म्हणाला आणि दुसऱ्याला मारली. दुसराही खोटा. तिसराही खोटा. सोनबा तोवर नुसता बघत होता, कारण असं काही होईल हे त्याच्या बापजन्मात त्याला वाटलं नव्हतं. सातव्या माठाला त्याला कंठ फुटला.

"अरे ए! काय करतोस काय?"

"पारखतोय. सोनबादादा, राग मानू नका, पण तुमचा माल चांगला नाही. आतापर्यंत एकानंही सोसली नाही."

अकरा माठ झाले तेव्हा सोनबानं त्याला धरलं. आणि मग सोनबा, सोनबाची बायको आणि अकरा माठांच्या खापऱ्या, सगळे पिराजीच्या ट्रॉलीत बसून हौसाबाईकडे आले. ट्रॉली नव्या टायरांवर झकास चालली. सोनबाची बायकोसुद्धा म्हणाली, गचके बसले नाहीत.

हौसाबाईनं हात जोडले. अंडी देणाऱ्या चार कोंबड्या सोनबाला दिल्या. सोनबाची बायको भली. जाताना ती पिराजीला म्हणाली, "बाबा, एवढं ध्यानात ठेव. जी वस्तू फुटते तिला लाथ मारायची नसते. तिच्यावर भार टाकायचा नसतो. अलगद उचलायची, हातानं, आणि लेकरासारखी जपून न्यायची."

"ऐकलं का?" हौसाबाई ओरडली.

"ऐकलं," पिराजी म्हणाला. "बरं."

चौथ्या दिवशी पाळणा ट्रॉलीत भरला. पाचव्या दिवशी पहाटे दोघं निघाली. हौसाबाई ट्रॉलीत पाळण्याच्या एका खुर्चीत बसली, म्हणजे सामान सरकलं तर दिसावं. निघताना तिनं नवऱ्याला एकदाच, सावकाश, पोराला सांगावं तसं सांगितलं.

"हे बघा. बाकी काही करू नका. आरतीच्या आधी चाकं चिंचेखाली टेकवा. आणि वाटेत टायर फुटू देऊ नका. एवढं केलं तरी माझ्या बापाचा पाळणा वाचला. कळलं?"

"चाकं चिंचेखाली. टायर फुटू द्यायचा नाही."

"शाबास."

हौसाबाई चार दिवस धड झोपली नव्हती. सूर्य वर आला, ऊन अंगावर आलं, तिचा डोळा लागला.

घाट लागला. ट्रॅक्टर घुरघुरत चढू लागला. गेल्या वर्षी जिथं टायर फुटला ते वळण आलं, आणि पिराजीनं मागं वळून बघितलं. चार नवेकोरे टायर. त्यांच्यावर ट्रॉली. ट्रॉलीत पाळणा. पाळण्यात हौसाबाई. आणि हौसाबाई काही कमी वजनाची नव्हती.

पिराजीच्या अंगावर काटा आला. टायर मरतो तो भारानं, हे शेठ म्हणाले होते. फुटणाऱ्या वस्तूवर भार टाकायचा नाही, हे कुंभारीण म्हणाली होती. टायर फुटू देऊ नका, हे तर हौसाच म्हणाली होती. तिघांचं एकमत. असं एकमत गावात कधी होत नाही.

पिराजीनं ट्रॅक्टर थांबवला. जॅक काढला. पाना काढला.

गचके थांबले तशी हौसाबाईला आणखी गाढ झोप लागली. झोपेत तिला वाटलं, काय नव्या टायरांचा गुण!

आरतीला घटकाभर असताना पिराजीचा ट्रॅक्टर जाखाईच्या जत्रेत शिरला. चिंचेखाली जागा मोकळी होती. दाजीबा काठी टेकून उभे होते. पिराजीनं ट्रॅक्टरवरून एक चाक अलगद उचललं, पोटाशी धरलं, चिंचेखाली नेऊन ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. मग चौथं.

"टेकली," तो म्हणाला.

दाजीबांनी चाकं मोजली. चार भरली. त्यांनी ट्रॅक्टरच्या मागं बघितलं. मागं काही नव्हतं.

"पाळणा कुठाय?"

"घाटात."

"एकटाच?"

"नाही. हौसा आहे त्यात. झोपलीय."

तेवढ्यात रंगरावचा ट्रक आला. ट्रक नीट थांबायच्या आत हौसाबाईनं त्यातून उडी मारली. घाटात रंगरावनं भोंगा वाजवला तेव्हा ती जागी झाली होती, आणि ट्रॉली चार दगडांवर उभी आहे हे तिला खाली उतरल्यावर कळलं होतं. तिचा पदर खोचलेला होता आणि हातात जॅकचा दांडा होता.

"दाजीबा!" रंगराव ओरडला. "ही नुसती चाकं आहेत! जागा माझी!"

दाजीबांनी चाकं पुन्हा एकदा मोजली. मग म्हणाले, "नियमात चाकं आहेत. पाळणा नाही. चाकं आधी कुणाची टेकली? पिराजीची. जागा पिराजीची."

देवळात आरती सुरू झाली. हौसाबाईच्या हातातला दांडा गळून पडला. तिनं चिंचेकडे बघितलं. देवळाकडे बघितलं. गोळा झालेल्या शंभरेक पोरांकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मिळाली," ती म्हणाली. "अवो, जागा मिळाली! बाबांचा पाळणा राहिला!"

"मी काय म्हणालो होतो?" पिराजी म्हणाला. तो काहीच म्हणाला नव्हता.

"चला, चला, चाकं टाका ट्रॅक्टरवर. पाळणा घेऊन येऊ."

दाजीबा खाकरले. "बाई, चाकं हलली की जागा गेली."

"मग पाळणा आणू कसा?"

"ते नियमात नाही."

हौसाबाई रंगरावकडे वळली. "भाऊ, तुमचा ट्रक घटकाभर..."

पण रंगरावनं तोवर रागारागानं ट्रक कोंबड्यांच्या बाजूला नेऊन टेकवला होता. "आता माझीही चाकं हलायची नाहीत," तो म्हणाला. "हलली तर ही पण जागा जाईल."

आरती संपली. पोरांनी प्रसाद खाल्ला आणि चिंचेखाली येऊन विचारलं, "काकी, पाळणा कधी फिरणार?"

हौसाबाई मटकन त्या चार चाकांवर बसली.

"अगं, अगं, अगं!" पिराजी धावला. "खाली बस की! एक पण फुटला नाही अजून. भार कशाला टाकतेस?"