पाखरांनी राजाला जेवायला बोलावलं

त्या दिवशी सकाळी धुकं असं दाट पडलं होतं, की शेजारी उभा माणूस दिसेना. मकरंदराजे तळ्याकाठी उभे राहून म्हणाले, "धुकं सरू द्या, पाखरांची जत्रा दिसेल!"

धुकं सरलं. तळ्यावर एक बगळा नाही!

दिसणार कुठून? नवी पेठ वसवायची म्हणून राजांनी दिवाणजींना कामाला लावून काठची झाडं तोडली, लव्हाळा उपटला, गाळ उपसला आणि सगळा काठ घडीव दगडानं बांधून काढला. आता व्याही यायचे होते, आणि राजे त्यांना सांगून बसले होते, "आमच्या पेठेत करकोचे दारात उतरतात!"

"महाराज, ह्या चटयावाल्यांनीच पाखरं हाकलली," दिवाणजी म्हणाले. काठाला चटया विणणाऱ्यांची तेवढी वस्ती उरली होती.

राजांनी तिथल्या म्हाताऱ्या हैबतीला पुढं बोलावलं. "व्याही यायच्या आत पाखरं परत आण. नाहीतर तुमची वस्ती उठवून रस्ता काढतो!"

 हैबतीनं सावकाश पागोटं सारखं केलं. "आणतो की सरकार. मानाचे पाहुणे ते, रीतीनं अक्षत देऊन येतो."

दुसऱ्या दिवशी तो हात जोडून हजर. "सरकार, पाखरांनी उलट तुम्हालाच अक्षत धाडलीय. आधी राजांनी आमच्याकडं जेवावं, मग आम्ही येऊ, म्हणतात. पंगत भर दुपारी, तुमच्याच तळ्यावर!"

राजांना गंमत वाटली. दिवाणजींना घेऊन ते उपाशीपोटी आले. बघतात तो काय, नुसता तापलेला दगड!

"हैबती, पाट कुठाय?"

"घडीव दगड आहे की सरकार. टेका!"

"भाजतंय! सावली कुठाय?"

"ती दिवाणजींनी तोडून नेली."

"आणि जेवण?"

"मासा, बेडूक, किडा, सगळं गाळाबरोबर गाड्यांत भरून गेलं."

राजे भडकले. "अशा जागी कोण थांबेल?"

"पाखरंही हेच म्हणाली, सरकार! पण बिचारी रानटी. रागावता येत नाही, गुपचूप उठून गेली."

 राजे असे खदखदून हसले, की दिवाणजींनाही नाइलाजानं हसावं लागलं!

"पेठ माळावर न्या!" राजे म्हणाले. "काठ उकला, झाडं लावा. हैबतीची वस्ती इथंच राहील, आणि तळ्याचा राखणदार हैबती! दिवाणजी, गाळ नेलात तसा परत आणा. व्याह्यांना कळवा, पुढच्या हिवाळ्यात या."

संध्याकाळी धोतर खोचून दिवाणजी चिखलाच्या गाड्या रिकाम्या करवून घेत होते. हैबतीच्या कुडापलीकडून शेजारचा म्हाळू बघत होता. तो म्हणाला, "हैबती, माझ्या घरात उंदीर फार झालेत रे. दिवाणजींना जरा धाड ना इकडं. म्हणावं, पाखरांची केलीत तशी उंदरांची चांगली सोय करा. एक उंदीर राहायचा नाही!"