हिरव्या तेलाचा आकडा

परतीच्या पावसाच्या धास्तीने त्या वर्षी सोयाबीन कच्चंच कापलं गेलं आणि सहकारी गिरणीचं तेल हिरवट उतरलं. गिरणीची केमिस्ट हेमलता गंजेवार हिने यंत्रावर पुन्हा पुन्हा मोजलं. तेलातलं हरितद्रव्य मर्यादेच्या बरंच वर होतं. असं तेल उजेडात लवकर खवट होतं, आणि हा माल आश्रमशाळांच्या स्वयंपाकाला जायचा होता.

चेअरमन मल्हारराव बिराजदारांनी तिला संचालकांपुढे उभं केलं. घरी अंथरुणाला खिळलेले वडील तिच्याच पगारावर होते.

"यंत्र आमचं, गिरणी आमची. मी सांगतो तो आकडा लिहा, बाई."

"लिहिते, साहेब," ती म्हणाली. "पण तेलाला वाचता येत नाही. ते खवट व्हायचं तेव्हा होणारच."

एक म्हातारे संचालक फस्सकन हसले, मग सगळेच. चेअरमन काळेठिक्कर पडले. आता खोट्या आकड्याखाली सही करायला कुणीच धजेना; माल पुन्हा शुद्धीकरणाला गेला.

त्या हसण्याची किंमत हेमलताने मोजली. महिनाअखेरीस तिला कामावरून काढलं. डबा पिशवीत घालून ती फाटकाबाहेर पडली, तेव्हा वडिलांना काय सांगायचं, तेवढं मात्र तिला सुचत नव्हतं.