येसू माळणीच्या मुंडावळ्या

“दोन बायकांचं लग्न? एकमेकींशी?” राजे उदाजी सिंहासनावरून अर्धे उठले. “अगं, मग घोड्यावर कोण बसणार?”

समोर भिवरा आणि चांगुणा उभ्या होत्या, एकाच मागावर बारा वर्षं लुगडी विणणाऱ्या दोघी कोष्टिणी. त्यांच्या पुढे येसू माळीण. गावातल्या झाडून साऱ्या लग्नांच्या मुंडावळ्या तिच्याच हातच्या. या दोघींसाठीही तिने त्या ओवल्या आणि तिथेच बोभाटा झाला.

“घोडा नको महाराज, चालत जातील,” येसू म्हणाली.

दरबार हसला. धुंडिराजशास्त्री तेवढे हसले नाहीत. “विवाह संततीसाठी असतो! यांना मूल होणार कसं?”

“प्रधानजींनी सत्तराव्या वर्षी तिसरं लग्न केलं, तेव्हा तुम्ही जिलब्या खाल्ल्यात बुवा. मुलाचं काही विचारलं नव्हतंत!” येसू फटकन म्हणाली.

प्रधानजी एकदम छताची नक्षी पाहू लागले.

“ते वेगळं!” शास्त्री कडाडले. वेगळं कसं, हे त्यांनी सांगितलं नाही. असले लोक कधी सांगतात का! “एक नर, एक मादी, हाच सृष्टीचा नियम! तो मोडाल तर पाऊस पाठ फिरवेल, विहिरी आटतील!”

पावसाचं नाव निघताच राजे गंभीर झाले. दुष्काळाची त्यांना फार धास्ती. “येसू, ऐक. आमच्या राज्यात शास्त्रीबुवांनी लावलेलं, पंगती उठलेलं असं एक तरी लग्न दाखव, की ज्यात नर-मादीची जोडी नव्हती आणि तरी गावाचं भलंच झालं. दिवस मावळेपर्यंत मुदत. नाहीतर भिवरा पूर्वेच्या वेशीतून बाहेर, चांगुणा पश्चिमेच्या. पुन्हा गाठभेट नाही!”

चांगुणाने भिवराचा हात घट्ट धरला. येसूचा उभा जन्म लग्नांत गेला. पण बोहल्यावर आपला एक नवरा आणि एक नवरी, दुसरं काही पाहिल्याचं तिला आठवेना. असलं लग्न आणायचं कुठून?

शास्त्रीबुवांना चेव चढला. “आता का गप्प? गप्पच बस! अगं, चिखलातल्या बेडकांतसुद्धा डरांव डरांव करतो तो नर! मादी गप्प असते. बायकांनी त्या बेडकांकडून तरी शिकावं!”

येसूने झटकन मान वर केली. “काय म्हणालात बुवा? पुन्हा सांगा. महाराजांना नीट ऐकू जाऊ द्या.”

“डरांव डरांव नरच करतो! मादी कधीच नाही! त्रिवार सांगतो!”

“मग महाराज, दिवस मावळायची वाट कशाला?” येसूने पदर खोचला. “दोन वर्षांपूर्वी आषाढ कोरडा गेला, तेव्हा आपण बेडकांचं लग्न लावलंत. नवरीचे बाप आपण, नवऱ्याचे प्रधानजी. मंगलाष्टकं या बुवांनी म्हटली, पंगतीही उठल्या. मुंडावळ्या मी बांधल्या, जुईच्या कळ्यांच्या. मांडवात काय झालं, आठवतं?”

“न आठवायला काय झालं!” राजे म्हणाले. “नवरा डरांव, नवरी डरांव! दोघांनी असा गलका केला, की मंगलाष्टकं कुणाला ऐकूच...”

राजांचं तोंड उघडंच राहिलं.

“दोघांनी?” येसूने विचारलं.

शास्त्रीबुवांची शेंडी थरथरू लागली.

“आणि मग पाऊस पडला का महाराज?”

“पडला का? तीन दिवस धो धो! तळं फुटायची वेळ आली होती!” प्रधानजी बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

“पण... पण ते बेडूक होते!” शास्त्री ओरडले.

“वा बुवा! मघाशी म्हणालात, बायकांनी बेडकांकडून शिकावं. आता या शिकल्या, तर रागावता?”

राजे हसायला लागले ते थांबेचनात. डोळे पुसत म्हणाले, “म्हणजे लेक म्हणून आम्ही चक्क नवरदेव उजवला! येसू, वाड्यामागची फुलबाग विहिरीसकट तुझी! भिवराचे बाप आम्ही, चांगुणाचे प्रधानजी. उद्याच मांडव घाला! आणि शास्त्रीबुवा, मंगलाष्टकं तुम्हीच म्हणायची. या खेपेला ऐकू येतील अशी!”