भरल्या ट्रॉलीची स्टेपनी

"...पण एकट्यानं गेलो तर बिघडलं कुठं, बाबा?"

हैबतीनं हे त्या सकाळी तिसऱ्यांदा विचारलं. बाळगीरबाबा मठाच्या ओट्यावर बसून चहात भाकरी बुडवत होते. भाकरी मऊ होईपर्यंत ते कुणालाच उत्तर देत नसत.

गोष्ट साधी होती. घाट चढून गेलं की माथ्यावर धनगरांची एक वाडी लागते. उन्हाळ्यात तिथं माणसांनाही पाणी नसतं, मग मेंढरांची काय कथा. वाडीकऱ्यांनी देवळाशेजारी एक दगडी खोली बांधली होती. तिथं राहून खालून पाणी आणून देणारा, सांजेला देवापुढं दिवा लावणारा कुणीतरी त्यांना मठातून हवा होता.

हैबतीला जायचं होतं. बाबांची ना नव्हती. फक्त त्यांचं म्हणणं, सिदबाला बरोबर घे.

सिदबा म्हणजे हैबतीचा गुरुबंधू. स्वभावानं गाय, कामाला गोगलगाय.

"त्याच्यासंगं न्हाई जमायचं," हैबती म्हणाला. "एका म्यानात दोन तलवारी राहत न्हाईत, बाबा."

बाबांनी आधी त्याच्याकडं पाहिलं, मग गोठ्यात शेण भरणाऱ्या सिदबाकडं.

"तलवारी? मला तर एक विळी दिसतीया आन् एक उलथनं."

हैबतीला ते झोंबलं. पण गुरूपुढं काय बोलणार...

भाकरी संपली. बाबांनी हात धुतले.

"आपल्या जुन्या पिकअपला पाण्याची ट्रॉली ओढायला हूक न्हाई. स्टेपनी बी न्हाई. दोन्ही बसव आन् मला दाखव. माझं समाधान झालं, तर जा एकटा."

हैबती खूश झाला. मठात येण्याआधी तो वेल्डिंगच्या दुकानात होता आणि लोखंड त्याचं ऐकायचं. त्यानं गाडीच्या मागं चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, एक जाड आडवा लोखंडी चॅनेल आवळला आणि त्याला हूक जोडला. मग रिंगवर चांगला टायर चढवून स्टेपनी तयार केली, ती चॅनेलच्या अलीकडं, गाडीच्या पोटाखाली साखळीनं टांगली. साखळी सैल केली की स्टेपनी जमिनीवर उतरायची आणि चॅनेलखालून मागं ओढून घेता यायची. त्यानं एकदा काढूनही पाहिली. वर दोन बोटं जागा राहत होती.

काम झकास झालं होतं. उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं ट्रॉली जोडली, तिच्यावरची टाकी काठोकाठ भरली आणि बाबांना बोलावलं.

बाबांनी हूक हलवून पाहिला. हलला नाही.

"लई भारी," बाबा म्हणाले.

हैबतीची छाती फुगली.

बाबा बाजूच्या दगडावर टेकले. "आता स्टेपनी काढ."

"आत्ता? चारी टायर धड हाईत की."

"काढ."

हैबती गाडीखाली सरकला. साखळी सैल केली, स्टेपनी उतरली. त्यानं ती मागं ओढली... आणि ती चॅनेलला अडकली. भरल्या टाकीच्या वजनानं गाडीची मागची बाजू बसली होती, तिच्याबरोबर चॅनेलही खाली आला होता. त्यानं आडवी ओढली, तिरकी ओढली, पाय रोवून ओढली. घामानं निथळला, पण स्टेपनी काही हलेना.

"ट्रॉली सोडली की निघती, बाबा. काल काढून बघितलीया."

"काल ट्रॉली लावली हुती?"

"...न्हाई."

"घाटात टायर बसला तर?"

"ट्रॉली सोडायची."

"चढावर?"

चढावर हुकाची पिन काढली की भरलेली ट्रॉली कुठं जाते, हे हैबतीला कुणी सांगायची गरज नव्हती.

"आन् वर मेंढरं वाट बघत्याली," बाबा हळूच म्हणाले.

हैबतीचे कान तापले. राग आला होता, पण बाबांचा नाही.

मग हैबती उठला. सपाटीवर ट्रॉली सोडून त्यानं स्टेपनी बाहेर घेतली. गाडीच्या हौद्यात, केबिनच्या मागं, तिला उभी ठेवायला लोखंडी अँगलची चौकट केली. आता गाडीवर भार असो नसो, हात घातला की स्टेपनी निघाली पाहिजे.

राहिला एक बोल्ट. चौकटीतून आरपार जाऊन स्टेपनी जागेवर धरणारा. हैबती एका बाजूनं नट आवळायला लागला, तर नटाबरोबर बोल्टही गरगर फिरायला लागला. पलीकडून पाना लावून कुणीतरी धरायला हवं होतं आणि हात तिथवर पोचत नव्हता. त्यानं फट पाहून चिंधी कोंबली. मग लाकडाची पाचर मारली. बोल्ट आपला फिरतोच आहे.

बाबा लांब कुठंतरी पाहत होते.

गोठ्यातून सिदबा आला. हात धुतले, धोतराला पुसले, सावकाश हौद्यात चढला. पाना उचलून पलीकडून बोल्टाला लावला.

"धरलाय," तो म्हणाला.

हैबतीनं जोर लावला. नट बसला.

"बोट चेमटलं न्हाई न्हवं?" हैबतीच्या तोंडून निघून गेलं.

"न्हाई."

आणि सिदबा हसला. हैबतीलाही हसू आलं. फार बरं वाटलं त्याला, आणि कशानं वाटलं हे शोधत तो बसला नाही.

पुन्हा ट्रॉली जोडली. बाबा आले, म्हणाले, "काढ." हैबतीनं हौद्यात चढून नट फिरवला, सिदबानं पलीकडून बोल्ट धरला, स्टेपनी निघाली. परत बसवली.

"झालं माझं समाधान," बाबा म्हणाले. "जा आता एकटा."

हैबती पाया पडला. गाडीत बसला. इंजिन सुरू केलं...

गाडी जागची हलली नाही.

हैबती मागच्या काचेतून चौकटीच्या बोल्टाकडं बघत होता. इंजिन नुसतंच धडधडत राहिलं.

मग हैबतीनं खिडकीतून मान बाहेर काढली.

"सिदबा, भाकरी दोघांची बांध. आन् जरा लवकर."

सिदबाला लवकर कसलं जमतंय. त्यानं सावकाश भाकरी बांधल्या, सावकाश बाबांच्या पाया पडला, सावकाश गाडीला वळसा घालून पलीकडून आत चढला. दार ओढलं. लागलं नाही. पुन्हा ओढलं, तरी लागलं नाही. हैबतीनं वाकून त्याच्या अंगावरून हात घातला, तरीही दार आपलं अर्धं उघडं.

बाबा त्या बाजूला गेले. दारावर हात ठेवला.

"दोघं मिळून जोरात ओढा. इकडच्या बाजूला बरंच दिस कुनी बसलंच न्हाई."