नवस कुणाचा, बळी कुणाचा

"मग तिला कुणी विचारलं होतं का?"

चन्नवीर अप्पांनी मध्येच असं विचारलं आणि रेवणसिद्ध शास्त्री वाचता वाचता थांबले.

कमळूरच्या मठात, मठाचे स्वामी असलेल्या अप्पांसमोर बसून ते आपल्या नव्या काव्याचा शेवटचा सर्ग वाचत होते. गोष्ट त्या भागातली, जुनी. तळ्याला पाणी लागत नव्हतं, म्हणून गावाच्या पाटलानं आपली थोरली सून तळ्याला बळी दिली. शास्त्रींच्या काव्यात ती सून हिरवा शालू नेसून, हसतमुखानं कोरड्या तळ्यात उतरते आणि पाणी येऊन तिच्या पायांना शिवतं.

"कुणाला, अप्पाजी?"

"सुनेला."

शास्त्री किंचित हसले. लहानपणी ते याच मठात, याच अप्पांच्या हाताखाली शिकले होते. आता पंचेचाळिशी गाठली होती आणि त्यांची प्रवचनं पाच तालुक्यांत गाजत होती. त्यागावर बोलू लागले की बायाबापड्या पदरानं डोळे पुसत. त्यांनी अप्पांना समजावून सांगितलं की अशा ठिकाणी विचारणं नसतं. काव्य घ्या, धर्म घ्या, घरसंसार घ्या, कुणीतरी स्वतःला वाहून टाकतं म्हणून बाकीचं उभं राहतं. यज्ञाला आहुती लागते, नवसाला बळी लागतो.

अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"रेवणा, बकऱ्यानं कधी नवस बोलल्याचं ऐकलंयस?"

शास्त्रींना ते आवडलं नाही. त्यांनी पोथी मिटली आणि ज्या कामासाठी आले होते ते काढलं. येत्या सोमवारी मठात काव्याचं प्रकाशन होतं. त्याच वेळी आपल्या धाकट्या बहिणीला, सुगलाला, अप्पांच्या हस्ते शाल द्यावी आणि 'त्यागमूर्ती' म्हणावं, अशी त्यांची इच्छा होती. काव्य तिलाच अर्पण केलं होतं.

सुगला बरोबर आली होती. ती दाराशी, खांबाला टेकून बसली होती. चाळिशीची, अंगानं वाळलेली, हाताला राखेचा वास.

अप्पांना ती लहानपणापासून ठाऊक होती. दोघं भावंडं एकत्रच शिकायची, आणि खरं सांगायचं तर पाठांतरात तीच पुढं होती. तिला मास्तरणीची नेमणूक मिळाली, त्याच महिन्यात त्यांच्या आईचं अंग लुळं पडलं. शास्त्री प्रवचनांना फिरायचे. सुगला घरी राहिली. बारा वर्षं तिनं आईचं सगळं केलं. गेल्या वर्षी आई वारली.

त्यानंतर कवळखेडच्या शाळेतले बसलिंग गुरुजी तिला मागणी घालायला आले. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, भला माणूस. सुगला हो म्हणाली होती. शास्त्रींनी गुरुजींना ओट्यावरूनच परत पाठवलं.

"का?" अप्पांनी विचारलं.

शास्त्री म्हणाले, ती आता संसाराच्या पलीकडं गेली आहे. गावोगावी लोक तिचं नाव घेतात, सासुरवाशिणींना तिचा दाखला देतात. एका क्षणाच्या मोहापायी बारा वर्षांची तपश्चर्या मातीत घालवायची? मी भाऊ आहे, माझं कर्तव्यच आहे ते.

"तिला विचारलंस?"

"अप्पाजी, तुम्ही पुन्हा तेच..."

अप्पांनी पोथी उचलून बाजूला ठेवली.

दुपार झाली. मठातल्या रोजच्या अन्नदानाची, दासोहाची घंटा वाजली. अंगणात दीड-दोनशे माणसं पंगतीला बसली होती. अप्पांनी शास्त्रींचा हात धरला आणि त्यांना पायऱ्यांवर आणून उभं केलं. काव्याची घोषणा होणार, असं वाटून शास्त्रींनी उपरणं नीट केलं.

अप्पा म्हणाले, "मंडळी, आज मोठी गोष्ट घडली. रेवणसिद्ध शास्त्रींनी तुमच्या कल्याणासाठी आपली वाणी शिवाला वाहिली. आजपासून मरेपर्यंत मौन. प्रवचन नाही, लेखणी नाही."

कुणीतरी हर हर महादेव म्हटलं आणि सगळे उठले.

शास्त्री तोंड उघडत होते, तोवर गळ्यात हार पडला. एका म्हातारीनं त्यांच्यावरून हात ओवाळून कानशिलाशी बोटं मोडली. बाया रडू लागल्या. एकजण म्हणाला, असा त्याग या मातीत पुन्हा होणे नाही. दुसरा म्हणाला, यांच्या नावाची कमान बांधू. माणसं पायांवर डोकं ठेवत होती आणि शास्त्रींना मागं सरायलाही जागा उरली नव्हती.

शास्त्रींनी अप्पांकडं पाहिलं. अप्पा हात जोडून उभे होते.

शास्त्रींनी लोकांकडं पाहिलं. इतके ओले डोळे, इतका विश्वास... यांना नाही कसं म्हणायचं? नाही म्हटलं तर काय म्हणतील? स्वैपाकघराच्या दारात सुगला भाकरीची टोपली घेऊन उभी होती. सगळ्या अंगणात तिनं एकटीनंच हात जोडले नव्हते.

"थांबा," शास्त्री म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. मग ते ओरडलेच. "थांबा. मी काही सोडलेलं नाही. मला कुणी विचारलं?"

गलका विरला. ज्या म्हातारीनं बोटं मोडली होती, ती तोंडाला पदर लावून मागं सरली. माघार घेतली वाटतं, असं कुणीतरी पुटपुटलं. ते शास्त्रींनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"जिवंत माणसाची जीभ कापायची आणि वर हार घालायचा?" ते अप्पांवर कडाडले. "हा कुठला धर्म?"

"ऐकलंत ना, मंडळी?" अप्पा म्हणाले. "यांना कुणी विचारलं नव्हतं. मीच परस्पर देऊन टाकलं होतं. काढा तो हार. बसा, जेवा."

हार निघाला. माणसं गोंधळून पुन्हा पंगतीला बसली.

"तू हार घटकाभरच घातलास," अप्पा हळूच म्हणाले, आणि त्यांनी सुगलाकडं पाहिलं.

शास्त्रींनीही पाहिलं. मग त्यांची नजर खाली गेली.

अप्पांनी तिला जवळ बोलावलं. "बाळ, आजवर मीसुद्धा तुला विचारलं नाही. चूक माझीही आहे. सांग, तुला काय हवंय?"

टोपली खाली ठेवायचंही सुगलाला सुचलं नाही.

"आईसाठी राहिले ते माझ्या मनानं, अप्पाजी," ती म्हणाली. "कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं मला दुःखही नाही. एकदाही नाही." तिनं भावाकडं पाहिलं. "पण आई गेल्यावर अण्णांनी मला देवीसारखं पाटावर बसवलं, ते उठूच दिलं नाही. लोक पाया पडतात, म्हणून मी रंगीत लुगडं नेसत नाही. लोक काय म्हणतील, म्हणून मी हसत नाही. मी कुणाला काय दिलंय, मलाच कळत नाही."

तिचा आवाज चढला नव्हता.

"मला शाल नको. मला बसलिंग गुरुजींच्या घरी जायचंय."

पंगतीत भाताचं भांडं फिरत होतं. कुणाचं इकडं लक्ष नव्हतं.

पाच तालुके गाजवलेल्या शास्त्रींना शब्द सापडत नव्हता. सापडला तेव्हा तो इतका हलका होता, की अप्पांना पुढं वाकून ऐकावा लागला.

"मग... माझं जेवणखाण कोण बघणार?"

अप्पांनी सुगलाच्या हातातली टोपली काढून घेतली.

"परात चुलीमागं आहे, पीठ मळायला घे," ते म्हणाले.