थिएटरच्या दारातला प्रश्न

“मग माझं चुकलं कुठं, बाई?”

चाळीस वर्षं हुद्दारबाईंनी माणसांना भूल दिली होती, आणि तितकीच वर्षं शिष्यांची कैफियत ऐकून घेतली होती.

डॉक्टर मृण्मय केळवकर त्यांचा सगळ्यांत हुशार शिष्य. हे इतरांपेक्षा त्यालाच जरा जास्त ठाऊक होतं. आज दुपारी मात्र त्याच्या हातून एकोणीस वर्षांचा विलास गेला. मोडलेल्या पायाचं साधं ऑपरेशन. भुलीचा वायू सुरू झाला आणि पोराचं अंग लाकडासारखं ताठ झालं, ताप एकशे आठवर गेला.

“मी लगेच ओळखलं. वायू बंद केला, बर्फ लावला, उताऱ्याचं औषधही दिलं. हजारोंत एखाद्यालाच होतं हे. पुस्तकात याहून जास्त काही नाही!”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“आईबापांच्या रक्तातून येणारा दोष, म्हणून आधी विचारलंही होतं. घरात कुणी भुलीत दगावलंय का? आई नाही म्हणाली. हे बघा, लिहिलंय.”

बाईंनी कागदाकडे पाहिलं नाही.

“कुठं विचारलंस?”

“थिएटरच्या दारात. स्ट्रेचर आत नेताना…”

बाई उठल्या. मृण्मय मागोमाग गेला.

व्हरांड्यात विलासची आई भिंतीला टेकून फरशीवर बसली होती. बाई तिच्याशेजारी तशाच फरशीवर बसल्या. विचारलं काहीच नाही. मृण्मय अवघडून उभा राहिला. तिथून पळ काढावा असं त्याला फार वाटत होतं.

बऱ्याच वेळानं ती माउली आपणहून बोलली.

“माझा भाऊबी असाच गेला, बाई. पोटाच्या आपरेशनात. अंग नुसतं भट्टीवानी…”

मृण्मय पुढं झाला. “मावशी, मी विचारलं होतं की तुम्हाला!”

“लेकरू आत चाललं होतं, सायेब. तवा मेलेल्याचं नाव कसं काढायचं तोंडातून?”

…

त्याला रडू आवरेना. हुशारीचा सगळा ताठा उतरला होता.

“बाई, आता मी काय करू?”

हुद्दारबाईंनी जरा सरकून त्याला जागा करून दिली.

“बस खाली,” त्या म्हणाल्या. “तिला आणखी लेकरं किती, हे आपण विचारलेलंच नाही.”