फ्लेक्सवरचे साहेब

दर जानेवारीत आमच्या शहरात भर चौकात चित्रांची जत्रा भरते. यंदा उद्घाटनाला नगरसेवक इंगवलेसाहेब आले, निवडून आल्यापासून प्रथमच. चित्रकार हेमा मेस्त्रीने त्यांना समोर बसवून त्यांचं चित्र काढलं; टकलासकट, दुहेरी हनुवटीसकट.

साहेब भडकले. "हा मी? अहो, या चौकात मला पोरंटोरं ओळखतात. या चित्रात मला कुणी ओळखलं नाही, तर तुमचा स्टॉल उचलायचा!"

"चालेल," हेमा म्हणाली. "पण आधी खुद्द तुम्हाला कोण ओळखतं ते बघू. कार्यकर्ते इथेच थांबू देत. तुम्ही एकटे त्या तुमच्या फ्लेक्सपुढे उभे राहा."

फ्लेक्सवर साहेब काळ्याभोर केसांनिशी हात जोडून हसत होते. साहेब त्यापुढे ताठ उभे राहिले. तेवढ्यात सेल्फीसाठी मोबाइल उगारलेल्या एक मावशी ओरडल्या, "ओ काका, सरका की जरा! साहेब झाकले जातायत."

हेमाने पेन्सिलीला टोक काढलं. "चित्र बदलून देते, साहेब. फक्त एवढं सांगा, तुमचं काढू की त्यांचं?"

स्टॉल जागेवरच राहिला. फ्लेक्स मात्र दुसऱ्याच दिवशी बदलला. नव्या फ्लेक्सवर साहेबांना अजून मिसरूडही फुटलेलं नाही.